विटांवरच्या स्कूटरच्या चारशे बारा फेऱ्या

माझं वय एकसष्ट, डावा गुडघा कामातून गेलेला. जिना उतरताना मी देवाचं नाव घेते आणि चढताना नवऱ्याचं, तेही बऱ्या शब्दांत नाही. अशा बाईने मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी ताशी एकशे अठराच्या वेगाने हायवे पार केला, असं त्या गुलाबी कागदावर छापलं होतं. तेही स्कूटरवरून. आमची स्कूटर अकरा वर्षं दुकानासमोर विटांवर उभी आहे. पुढचं चाक कुणाच्या तरी हातगाडीला गेलं, मागचं कुठे गेलं ते आठवत नाही.

कागद टोलवाल्यांचा होता. एकूण चारशे बारा फेऱ्या, एकाही फेरीचा टोल भरलेला नाही, वर दंड. पंधरा दिवसांत निकाल लावा, नाहीतर वाहन जप्त. खाली माझं नाव, कारण स्कूटर माझ्या नावावर. घेतलीच मी माझ्या पैशांनी. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. लग्नानंतर तीन वर्षं बोटांना सुया टोचून घेतल्या तेव्हा कुठे ती निळी स्कूटर दारात आली. पोराच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्याच मागच्या सीटवर बसून मी दवाखाना गाठला. दुसरं कुणीही ती न्यायला आलं असतं तर मी कात्री घेऊन उभी राहिले असते.

"अहो," मी हाक मारली, "आधी इकडे या."

आमचे हे दातात कुंचला धरून बाहेर आले. गाव त्यांना पेंटर म्हणतं, मीही रागात असले की पेंटरच म्हणते. गाड्यांच्या नंबराच्या पाट्या हाताने रंगवायचं काम, चाळीस वर्षं.

"तिसरं आलं वाटतं," हे म्हणाले.

"तिसरं? मग पहिली दोन कुठायत?"

पहिली दोन आत भिंतीला लावलेली होती, पालथी. म्हणजे मजकूर भिंतीकडे आणि कोरी बाजू आमच्याकडे. त्यावर ह्यांनी आठ काढले होते. वेलींचे आठ, सापांचे आठ, एक तर गाठ मारलेल्या रिबिनीचा आठ.

"कागद फार गुळगुळीत आहे गं," हे म्हणाले. "कुंचला कसा पळतो बघ."

मी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं लावतेय, आता तिथे खळगा पडला असेल.

झालं होतं ते असं. पाच महिन्यांपूर्वी हायवेवरच्या टोलच्या खोल्या पाडल्या आणि रस्त्यावर जागोजागी आडव्या लोखंडी कमानी टाकल्या. कमानीला कॅमेरे. गाडीच्या काचेवर टॅग असेल तर कमान टॅग वाचते आणि खात्यातून पैसे कापते. टॅग नसेल तर नंबरपाटीचा फोटो काढते आणि ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या घरी बिल पाठवते. नाही भरलं की दुसरं बिल दंडासकट, मग तिसरं गुलाबी, आणि मग उचलून नेतात. गाडी थांबवायची नाही, काच खाली करायची नाही, कुणाशी भांडायचं नाही. मला तर ते शेवटचंच पटत नाही. पैसे द्यायचे आणि भांडायचंही नाही?

आणि नेमके त्याच पाच महिन्यांत आमचं दुकान चालायला लागलं होतं. त्याआधी सहा-सात वर्षं माश्या मारत होतो. लोक छापील पाट्या घ्यायचे, मशिनच्या, सगळ्या एका तोंडाच्या. मग अचानक रांग लागली. बेकरीवाला आला, गवंडी आला, दातांचा डॉक्टर आला. "पेंटर, तुमच्या हातची पाटी हवी." पेंटरची छाती फुगली. "बघितलंस? लोकांना पुन्हा चव आली. मशिनचं खाऊन कंटाळले." रात्री झोपेतसुद्धा हवेत नऊ काढायचे. घरात सुख आलं की त्याला कुठून आलास असं विचारू नये.

विचारायला हवं होतं.

मी टोलवाल्यांना फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, वाहन तुम्ही चालवत असाल तर एक दाबा, चोरीला गेलं असेल तर दोन, विकलं असेल तर तीन. विटांवर असेल तर काय दाबायचं ते बाई काही सांगेना. चौथ्या दिवशी एक खराखुरा माणूस लागला. त्याला म्हटलं, "अहो साहेब, गाडीला चाकंच नाहीत."

"तसं लेखी द्या."

"दिलं."

"मग वाहन घेऊन समक्ष या. तपासणी होईल."

"चाकं नाहीत म्हणते ना मी!"

"हो, तेच तपासायचंय."

त्यांचं ऑफिस हायवेच्या पलीकडच्या टोकाला. हायवेवर दुचाकीला बंदी. म्हणजे जिच्यावर चारशे बारा वेळा हायवेने गेल्याचा आरोप, तिला हायवेवर पाय ठेवायचीच परवानगी नाही. हे मी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "त्याचा दंड वेगळा विभाग लावतो."

शेवटी टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो सिग्नलशीसुद्धा वाद घालतो. चौघांनी स्कूटर उचलून टेम्पोत आडवी केली. खाली चार विटांचे चार पिवळे चौकोन राहिले. मला उगाचच भरून आलं. दोन वर्षांपूर्वी पोरगाही असाच दारातून गेला होता.

ते सांगायलाच हवं. पोरगा आमचा एकुलता एक, तासाभरावरच्या शहरात छपाईच्या कारखान्यात आहे. त्याने येऊन सुचवलं, स्कूटर भंगारात काढू, त्या जागेत पाट्या कापायचं मशिन बसवू. पेंटर रंगवतच राहिले. मग पोरगा बोलून गेला, "बाबा, खरं सांगू? तुमचे आकडे आता कुणाला वाचताच येत नाहीत." पेंटरने कुंचला खाली ठेवला. "ज्याला माझे आकडे वाचता येत नाहीत, त्याने या गल्लीत पाऊल टाकायचं नाही." बाप तसा लेक. त्यानेही टाकलं नाही. मला फोन करतो, गुडघा कसा आहे विचारतो, बाबा कसे आहेत ते विचारत नाही, पण मी सांगेपर्यंत फोनही ठेवत नाही. माझं दोघांपुढे रडून झालं, ओरडून झालं. दगडाला पाझर फुटेल, ह्यांना नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, पोरगा गेला, निदान स्कूटर तरी जाऊ देणार नाही.

टेम्पो कमानीखालून गेला. वकिलाने वर बघून हात हलवला.

"टॅग नाही का लावला तू?" मी विचारलं.

"कशाला लावू, काकू? काकांच्या हातची पाटी आहे ना! या पाटीला टोल येतच नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे बिलच येत नाही. बेकरीवाल्याने शोध लावला. म्हणून तर रांग लागली तुमच्याकडे."

पेंटर आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. मांडीवरचा पंजा त्यांनी हळूच मिटून घेतला, त्या पंजाची बोटं पाच महिने रंगात होती. मला वकिलाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, पण तो ऐंशीच्या वेगाने टेम्पो चालवत होता.

"जीभ आवर आणि समोर बघ," मी म्हटलं.

"मी काय खोटं बोललो?"

"खरं बोललास म्हणूनच सांगतेय."

ऑफिसात एक साहेब होते. सर्दी झालेले, स्टेपलर सुतळीने टेबलाला बांधलेला. त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि शिंकले.

"चारशे बारा नाही, आता चारशे एकतीस. तुमची स्कूटर पंचवीस मिनिटांपूर्वी पुन्हा गेली आहे."

"गेली ना," मी म्हटलं. "टेम्पोत आडवी पडून. खाली आहे, बघून या."

ते खिडकीशी गेले, बघून आले, खुर्चीत बसले. "चाकं नाहीत," ते म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

"मग?"

"मग चाकं कुठे आहेत?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. स्कूटर एकाच मंगळवारी अकरा वाजून चार मिनिटांनी साठ किलोमीटर अंतरावरच्या दोन कमानींखाली होती, हेही दाखवलं. ते म्हणाले, वेगमर्यादेचं काम दुसऱ्या मजल्यावर बघतात. मग मात्र माझा आवाज चढला. सुतळी असूनही स्टेपलर हलला. तेव्हा साहेबांनी फोटो उघडला.

पहिलाच फोटो बेकरीवाल्याच्या गाडीचा. पाटी पेंटरची. मोठे आकडे असे फुललेले की एकाचा वेल दुसऱ्याच्या खिडकीत. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढे, सरळ, चार आकडे. सात, शून्य, तीन, तीन.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो आमच्या स्कूटरचा नंबर होता.

आता आमच्या दुकानाला पाटी नाही. दुनियेच्या पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानाला पाटी नाही, दिव्याखाली अंधार. कुणी पत्ता विचारला की आम्ही सांगायचो, गल्लीत निळी स्कूटर दिसेल, सात शून्य तीन तीन, तिथेच. म्हणून मग चित्रकार जशी कोपऱ्यात सही करतात, तसा पेंटरने प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात स्कूटरचा नंबर टाकायला सुरुवात केली. सही पण झाली आणि पत्ता पण. एवढ्या बारीक आकड्यांत नक्षी बसत नाही, म्हणून तेवढेच आकडे साधे.

"यंत्राला मोठं काही समजत नाही," साहेब म्हणाले. "ते फुलं समजून सोडून देतं. मग कोपऱ्यातलं वाचतं. आणि बघा, खात्री किती दाखवतंय. शंभर टक्के."

मी पेंटरकडे वळले. तोंडात आलेलं सगळं बोलणार होते. पण ते खुर्ची ओढून स्क्रीनपाशी गेले होते.

"पुढचा दाखवा," हे म्हणाले.

साहेबांनी दाखवला.

"हा गवंड्याचा. दोन, नऊ, नऊ, सहा."

"तुम्हाला वाचता येतं?"

"मी काढलंय, मला येणार नाही?"

साहेबांनी दोन नऊ नऊ सहा टाकून बघितलं. गवंड्याचंच नाव आलं. साहेबांची सर्दी थांबली. म्हणाले, "तुम्ही वाचत जा, मी टाकत जातो. जो नंबर वाचाल तो खऱ्या मालकाच्या नावावर जाईल आणि तुमच्या स्कूटरवरून उतरेल."

मग सुरू झालं. पेंटर वाचतात आणि साहेब टाकतात. "हा दातांच्या डॉक्टरचा." "हा शून्य बघा, एका दमात काढलाय, कुंचला उचललेला नाही." "यातला सात," साहेब म्हणाले, "मला मोर वाटला." "मोरच आहे. पण सातही आहे." शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून आली, शिपाई आला. चाळीस वर्षांत ह्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं नव्हतं, ते टोलच्या थकबाकीने भरवलं. टेम्पोत मिटलेला पंजा उघडला होता. मी मागे बसून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. वकिलाचा टेम्पो आला तेव्हा पेंटरने नंबर दोनदा वाचला, चुकू नये म्हणून.

मग एक पांढरी छोटी गाडी आली आणि पेंटर थांबले.

मी चष्मा नीट केला. त्या पाटीतल्या नवाला शेपूट होतं, आणि शेपटाला बारीक पिसं. पोराने पहिली गाडी घेतली तेव्हा पेंटर तीन दिवस ती पाटी रंगवत होते. जेवायला उठायचे नाहीत. दोन वर्षांत पोराने ती बदलली नव्हती. 'कुणाला वाचताच येत नाहीत' म्हणणारा पोरगा तीच पाटी लावून फिरत होता.

"आमच्या गावाच्या फाट्यावरची कमान आहे ही," मी म्हटलं. "साहेब, वेळ काय आहे?"

"रविवार. दहा वाजून बारा मिनिटं, येताना. दहा एक्कावन्न, जाताना." त्यांनी पुढचं उघडलं. "पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही." मोजून ते म्हणाले, "एकोणीस रविवार. दर वेळी अर्ध्या-पाऊण तासात परत. काय असतं हो तुमच्या गावात?"

फाट्यापासून आमची गल्ली पंधरा मिनिटांवर. पंधरा यायला, पंधरा जायला. उरलेली नऊ मिनिटं माझं पोर गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहायचं. आणि मी आत, वीस पावलांवर, सीटची कव्हरं शिवत बसायचे. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

"हा नंबर वाचा," साहेब म्हणाले.

पेंटरने स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, "हा वाचता येत नाही."

"अहो, बाकी सगळे तर..."

"हा नाही येत."

"मग या अडतीस फेऱ्या तुमच्या स्कूटरवरच राहतील. दंडासकट."

"राहू दे. स्कूटरच गेली होती."

साहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. टेम्पोत बिनचाकांची स्कूटर पडली होती. "ती गेली होती?"

"गेली होती," मी म्हटलं. "मीच चालवत होते. कुठे सही करू?"

पिशवीत सीट कव्हरांचे आगाऊ आलेले पैसे होते. मी भरले. साहेबांनी पावती दिली आणि स्टेपलर मारला. वर म्हणाले, आमच्याकडे न वाचता येणारे तीन हजार फोटो आहेत, काका येतील का अधूनमधून? पेंटर म्हणाले, बघू, सध्या रविवारी काम आहे.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी एक मोठी पत्र्याची पाटी खाली घेतली आणि रंगवायला लागले. मला बघू देईनात. मी म्हटलं, "पाऊल टाकू नको म्हणालात, आता फोन करून टाक म्हणा की! जीभ झिजेल का?" तर म्हणे, "शब्द दिलाय मी."

"असला कसला शब्द, जाळायचाय?"

रविवारी सकाळी चौघांनी पुन्हा स्कूटर उचलली आणि गल्लीबाहेर नेली, मोठ्या रस्त्याच्या कडेला, नेमकी तिथे जिथे गाडी उभी करता येते. विटाही नेल्या. स्कूटरच्या हँडलला पाटी टांगली. शेजारी दोन खुर्च्या. एका खुर्चीवर पेंटर, इस्त्रीचा शर्ट घालून. येणारे जाणारे विचारत होते, पेंटर, दुकान बाहेर काढलं का? हे म्हणाले, "गल्लीत पाऊल टाकू नको असं सांगितलंय मी एकाला. ही गल्ली नाही."

साडेदहाला तीन मिनिटं कमी असताना पांढरी गाडी आली. जागा अडलेली बघून थांबली. बराच वेळ कुणी उतरलं नाही. मी गल्लीच्या तोंडाशी भिंतीला धरून उभी, सगळ्यांच्या नावाने खडे फोडतेय, टोलवाल्यांच्या, बापाच्या, लेकाच्या.

मग दार उघडलं. पोरगा उतरला, वाळलेला, केस विस्कटलेले. तो पाटीसमोर उभा राहिला. मीही तेव्हाच ती पहिल्यांदा बघितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मोठे आकडे सरळ काढले होते. वेल नाही, पीस नाही, शेपूट नाही. काळे, उभे, शाळेतल्या फळ्यावर असतात तसे.

टोल. गाडी थांबवा. मागील थकबाकी: जेवणं १९. दंड: मुक्काम १.

पोरगा ओठ हलवत वाचत होता. एकदा वाचलं, मग पुन्हा. बापाकडे बघितलं नाही, पाटीकडेच बघत म्हणाला, "वाचता येतंय, बाबा."

पेंटर खुर्चीतून उठले.

"मग ये की आत," ते म्हणाले.

पोराने येऊन आधी मला धरलं, मग स्कूटरचं हँडल धरलं, आणि मग त्या दोघांनी मिळून ती ढकलायचा प्रयत्न केला. चाकं नाहीत हे दोघेही विसरले होते. शेवटी पुन्हा चौघांना बोलवावं लागलं. आणि एकोणीस जेवणं करायची कुणी, हे त्या दोघांपैकी एकानेही मला विचारलं नव्हतं. मी आत गेले आणि चूल पेटवली.